मन भरेल असा रोमान्स अ‍ॅनिमे कसा निवडावा, कसा पाहावा

बारा भाग, प्रत्येक भाग साधारण चोवीस मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ पाच तास. एवढा वेळ दोन मुलांच्या मागे मागे फिरल्यावर शेवटच्या भागात नदीकाठी आतषबाजी चालू असते, तो तिला काहीतरी सांगायला तोंड उघडतो, नेमका तेव्हाच आकाशात बार उडतो. ती विचारते, 'काय म्हणालास?' तो म्हणतो, 'काही नाही.' आणि मालिका संपते. रोमान्स अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधल्या प्रेमकथा, आवडीनं पाहणाऱ्यांच्या वाट्याला ही संध्याकाळ कधी ना कधी येतेच.

बऱ्याच मालिका पाहून माझं मत असं झालं आहे की दोघांमधलं अंतर दर भागात थोडं तरी बदललं पाहिजे, आणि एकदा बदललं की पुन्हा जुन्या जागी जाता कामा नये. जोडी जमली काय, न जमली काय, हे झालं असेल तर मन भरतं. वरच्या मालिकेचा राग येतो, कारण पाच तासांपूर्वी ती दोघं जिथे उभी होती तिथेच अजून उभी असतात. हे अंतर कसं ओळखायचं आणि आपले पाच तास कुठे घालवायचे, त्याची माझी पद्धत अशी आहे.

1. सुरू करण्याआधी गोष्ट कुठे थांबते ते बघा

बहुतेक अ‍ॅनिमे मांगावरून (जपानी कॉमिक्स) किंवा लाइट नॉव्हेलवरून (छोट्या, हलक्याफुलक्या सचित्र कादंबऱ्या) बनतात, आणि मूळ मांगा चालू असतानाच बनतात. मग बारा-तेरा भागांत जेवढं मावेल तेवढं दाखवून मालिका थांबते. 'नाना'चं उदाहरण घ्या. 2006-07 साली आलेल्या या मालिकेचे 47 भाग आहेत आणि त्यातलं प्रेम फार खरं, फार दुखरं आहे. पण आइ याझावा यांची मूळ मांगा त्यांच्या आजारपणामुळे 2009 पासून थांबलेली आहे. हे माहीत असताना 'नाना' पाहिली तर ती मनात घर करते. माहीत नसताना पाहिली तर फसवल्यासारखं वाटतं.

म्हणून तीन गोष्टी आधी शोधा: मूळ कथा पूर्ण झाली आहे का, अ‍ॅनिमे तिच्या शेवटापर्यंत जातो का, आणि किती भागांत जातो. कथानक वाचायची गरज नाही. 'फ्रूट्स बास्केट' याच नावाच्या दोन मालिका आहेत. 2001 ची 26 भागांत थांबली, कारण तेव्हा मांगा पुरी झाली नव्हती. 2019 ते 2021 मधली 63 भागांत शेवटपर्यंत गेली. नाव बघून चुकीची लावून बसलात तर अर्ध्या वाटेवर अडकाल. उलट टोकाला 'होरिमिया' आहे. 2021 मध्ये तेरा भागांत अख्खी कथा दामटून बसवली आणि मधलं इतकं गाळावं लागलं की 2023 मध्ये उरलेल्या प्रसंगांची वेगळी मालिका काढली. 'तोरादोरा!' 25 भागांत पूर्ण होते. 'त्सुकी गा किरेई' तर मुळातच अ‍ॅनिमे म्हणून लिहिलेली, 12 भागांची, त्यामुळे तिला कुठल्या मांगाची वाट पाहावी लागत नाही. नवख्या माणसाला मी या दोनच सुचवते.

2. प्रेमातला कुठला पल्ला पाहायचा आहे ते ठरवा

जपानी कथांमध्ये 'कोकुहाकु' म्हणजे प्रेमाची कबुली हा एक ठरलेला उंबरठा आहे. 'तू मला आवडतेस, आपण जोडी व्हायचं का?' असं स्पष्ट विचारायचं आणि समोरच्यानं 'हो' म्हटलं की त्या क्षणापासून दोघं रीतसर जोडी. चार महिने सोबत फिरूनही हा प्रश्न विचारला गेला नसेल तर काहीच ठरलेलं नाही. त्यामुळे पुष्कळ मालिका सगळं वजन या एका वाक्यावर टाकतात.

'कागुया-सामा' याचंच टोक गाठते. दोन अतिहुशार मुलं, दोघांनाही एकमेकांची ओढ, पण जो आधी कबुली देईल तो हरला असं दोघांनी मनाशी धरलेलं. तीन सीझन आणि एक चित्रपट त्यावर चालतात आणि दमत नाहीत. कारण विनोदाखाली हळूहळू कळत जातं की हरण्याची ही भीती म्हणजे आपण जसे आहोत तसे दिसलो तर नकोसे होऊ, अशी भीती आहे.

मला स्वतःला उंबरठ्याच्या पलीकडचं जास्त पाहायला आवडतं. होकारानंतर फोन किती वेळा करायचा, मित्रांना सांगायचं का, परीक्षेच्या दिवसांत भेटायचं कसं, इथे माणसं खरी कळतात. 'त्सुकी गा किरेई'मध्ये होकार चौथ्याच भागात येतो, उरलेले आठ भाग नंतरचे. तुम्हाला वाट पाहण्याची हुरहूर हवी की एकत्र असण्याची धडपड, हे आधी ठरवलंत तर निम्मा अपेक्षाभंग टळतो.

3. तीन भाग पाहा आणि अडथळा कशाचा आहे ते विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. प्रेमकथेत दोघांच्या मध्ये काहीतरी उभं असावं लागतं. ते काय आहे, यावर सगळी मालिका तरते किंवा बुडते.

माझी कसोटी अशी: हा अडथळा एका फोननं दूर झाला असता का? झाला असता, तर मग पुढचा प्रश्न विचारायचा. या माणसाला तो फोन का करवत नाही? त्याचं उत्तर त्या माणसाच्या स्वभावात सापडलं तर मालिका पुढे पाहा. दार उघडताना नेमकं अर्धंच दृश्य दिसलं, चिठ्ठी वाऱ्यानं उडाली, असल्या योगायोगांवरच गाडा चालला असेल तर सोडून द्या. दहाव्या भागातही तोच वारा सुटेल.

'किमी नि तोदोके' गैरसमजांनी भरलेली आहे, तरी मला ती मनापासून आवडते. सावाको कुरोनुमा दिसायला भयपटातल्या सादाकोसारखी, म्हणून वर्गात तिला सादाकोच म्हणतात, मुलं तिच्या नजरेला नजर द्यायला घाबरतात. वर्गातला काझेहाया तिच्याशी नीट बोलतो, तर ती ते त्याचा चांगुलपणा म्हणून घेते. कुणाला आपण आवडू शकतो ही शक्यताच तिच्या डोक्यात कुणी कधी पेरलेली नाही. इथे फोन करून काही उपयोग नाही, कारण गैरसमज तिचा स्वतःविषयीचा आहे. तिला आधी दोन मैत्रिणी मिळतात, मग आपल्यालाही काही हवं आहे हे म्हणता येतं, आणि तेव्हा कुठे अंतर कमी होतं. गाडी सावकाश चालते, पण मागे जात नाही.

'मेझॉन इक्कोकु'तला अडथळा तर मरण पावलेला माणूस आहे. रुमिको ताकाहाशी यांच्या मांगावरची ही मालिका 1986 ते 1988 या काळात 96 भाग चालली. क्योको तरुण विधवा, एका जुन्या भाडेघराची व्यवस्थापक. तिथे राहणारा गोदाई तिच्यापेक्षा लहान, परीक्षांत गटांगळ्या खाणारा. क्योकोच्या कुत्र्याचं नाव सोइचिरो, आणि तिच्या दिवंगत नवऱ्याचंही तेच. म्हणजे दारात रोज त्या नावानं हाक मारली जाते. जिवंत प्रतिस्पर्ध्याला मागे टाकता येतं, गेलेल्या माणसाला टाकता येत नाही. गोदाईला शेवटी हे कळतं की तिच्या मनातून त्याला काढायचं नाही, त्याच्यासकट तिला आपलंसं करायचं. 96 भाग त्यासाठीच लागतात आणि एकही जास्तीचा वाटत नाही.

4. आवाज जपानीच ठेवा आणि हाका ऐका

सबटायटल्स वाचता येत असतील तर डबिंग टाळा. भाषा येत नसली तरी एक गोष्ट कानाला नक्की कळते: कोण कुणाला काय हाक मारतं.

जपानीत ओळखीतल्या माणसाला सहसा आडनावानं हाक मारतात, मागे 'सान' किंवा 'कुन' लावून. पहिल्या नावावर येणं ही मोठी गोष्ट, आणि मागचं 'सान', 'चान' गळणं त्याहून मोठी. इंग्रजी सबटायटल्समध्ये कित्येकदा पहिल्यापासून पहिलंच नाव लिहिलेलं असतं, आणि दहा भागांनी होणारा बदल वाचणाऱ्याला दिसतच नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको खरं तर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं हे आपल्याला बरोबर आठवतं. आमच्या आज्यांच्या पिढीत नवऱ्याचं नाव एरवी ओठांवर यायचं नाही. ते उखाण्यात गुंफून, सगळ्यांच्या आग्रहाखातर, लाजत घ्यायचं. नावात किती जवळीक असते हे आपल्या रक्तातच आहे, तेच कान इथे वापरायचे.

'तोरादोरा!' या कानांनी पाहा. र्‍युजी आणि ताइगा शेजारी राहतात आणि एकमेकांना मदत करायचं ठरवतात: तिला त्याचा मित्र आवडतो, त्याला तिची मैत्रीण. पहिल्या भागात ती मध्यरात्री त्याच्या घरात घुसते, कारण प्रेमपत्राचं पाकीट चुकून त्याच्या बॅगेत टाकलेलं असतं. त्या पाकिटात पत्र घालायलाच ती विसरलेली असते. ती भुकेनं कोसळते आणि तो तिला फ्राइड राइस करून घालतो. आता हाका ऐका. जिच्यावर त्याचं प्रेम आहे असं तो समजतो, तिला तो 'कुशिएदा' म्हणतो, म्हणजे आडनाव. ताइगा मात्र 'ताइगा'. तीही आवडत्या मुलाला अदबीनं 'कितामुरा-कुन' म्हणते आणि याला नुसतं 'र्‍युजी'. दोघांना स्वतःचं मन कळायच्या कितीतरी आधी ते हाकेत आलेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की मालिका दुसऱ्यांदा पाहावीच लागते.

5. कॅलेंडर डोळ्यांसमोर ठेवा

जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये, साकुरा (चेरी) फुललेला असताना सुरू होतं आणि मार्चमध्ये निरोप समारंभानं संपतं. मधे उन्हाळ्यातली आतषबाजी, शरदातला शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, 24 डिसेंबरची संध्याकाळ (तिथे ती जोडप्यांची मानतात), 14 फेब्रुवारीला मुलींनी दिलेलं चॉकलेट आणि 14 मार्चला मुलांनी केलेली परतफेड. कथा शेवटच्या वर्षाच्या एप्रिलमध्ये सुरू झाली तर समजा की मार्चमध्ये ताटातूट टांगलेली आहे. साध्या दृश्यालाही मग वजन येतं.

6. तिसऱ्या माणसाला कसं वागवलंय ते बघा

ज्याला नकार मिळणार आहे त्याचंही प्रेम खरं दाखवलंय का? 'त्सुकी गा किरेई'मधली चिनात्सु ही नायिकेची मैत्रीण. तिला तोच मुलगा आवडतो. ती खलनायिका होत नाही, विचारते, नकार पचवते, रडते. ज्या मालिकेत हरणाऱ्याला लेखक मान देतो, तिच्यात जिंकणाऱ्यांचा आनंदही खोटा वाटत नाही. चांगला लेखक ओळखायची ही माझी सर्वात भरवशाची खूण आहे.

7. सावकाश पाहा

रोज एक भाग, फार तर दोन. दीडपट वेगानं तर मुळीच नको. या प्रकारात महत्त्वाचं पुष्कळदा न बोलता घडतं, आणि वेग वाढवला की सगळ्यात आधी त्या जागा नाहीशा होतात.

'त्सुकी गा किरेई' (2017, दिग्दर्शक सेइजी किशी) टोकियोजवळच्या कावागोए गावात घडते. गाव रताळ्यांसाठी प्रसिद्ध, आणि नायिका आकाने घाबरली की रताळ्याच्या आकाराचं एक मऊ खेळणं मुठीत दाबत राहते. नायक कोतारो लेखक व्हायची स्वप्नं पाहणारा. तिचा मेसेज आला की खोलीत दिव्याच्या लोंबत्या दोरीला आनंदानं ठोसे मारतो. दोघांनाही बोलता येत नाही. समोरासमोर आली की दहा-दहा सेकंद नुसती उभी राहतात. तुम्हीही त्यांच्याबरोबर उभे राहा. मालिकेच्या नावाचा अर्थ 'चंद्र सुंदर आहे'. सोसेकी या लेखकानं 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' या वाक्याचं जपानी भाषांतर असंच करावं असं सांगितलं, अशी आख्यायिका आहे. पुरावा नसला तरी जपानमध्ये ती घरोघर ठाऊक आहे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून कबुली येते तेव्हा तिच्या आधीची शांतता ऐकलेली असली पाहिजे.

आणि श्रेयनामावली पुढे ढकलू नका. या मालिकेत दर भागाच्या शेवटी पडद्यावर कुणा दोघांच्या मेसेजची देवाणघेवाण दिसत राहते: जेवलीस का, उशीर होईल, सांभाळून ये. बाराव्या भागात आकानेचं कुटुंब दुसऱ्या गावी निघतं, आगगाडी सुटते, गाणं सुरू होतं आणि नावं सरकू लागतात. तेव्हा रिमोट खाली ठेवा आणि शेवटच्या चित्रापर्यंत बसून राहा.