दूध संघ आणि संस्थांनी एकच सॉफ्टवेअर घेण्याआधी

गावोगावच्या प्राथमिक दूध संस्था, तालुक्याचं शीतकरण केंद्र आणि जिल्ह्याचा संघ, सगळ्यांनी मिळून एकच सॉफ्टवेअर वापरायचं ठरलं असेल तर प्रोग्रामरला बोलावण्याआधी ही तयारी करा. आम्ही ती अर्धवट केली आणि दर बिलाला त्याचे भोग भोगले.

कॉम्प्युटर, इन्व्हर्टर, बॅकअप यांवर मी काही लिहीत नाही. नेट गेलं तरी सकाळचं संकलन थांबू नये, नोंद मशीनवर होऊन मागाहून वर जावी, एवढं आता कुणाला सांगायला लागू नये.

पहिलं काम कागदांचं. प्रत्येक संस्थेकडून मागच्या वर्षभराची दरपत्रकं, संघाची परिपत्रकं, एक छापील बिल आणि कपातीचं रजिस्टर मागवा. सचिव म्हणतील, "आमचं सगळं संघासारखंच आहे." ऐकून घ्या आणि कागद बघा. एका ठिकाणी एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मशीन दाखवतं, दुसरीकडे अजून लॅक्टोमीटरवरून काढतात. सूत्र सगळ्यांना तोंडपाठ: सीएलआर (लॅक्टोमीटरचा तापमानानुसार दुरुस्त केलेला आकडा) भागिले 4, अधिक 0.21 गुणिले फॅट, अधिक 0.36. पण शेवटचा आकडा सगळीकडे 0.36 असेलच असं नाही. आणि असला तरी 28 सीएलआर, 3.5 फॅटला उत्तर येतं 8.095. जवळच्या आकड्यावर नेलं तर 8.1, पुढचे आकडे छाटले तर 8.0. एका पॉइंटचा, म्हणजे 0.1 चा फरक पडला, आणि दर तर पॉइंटवर ठरतो. दोन सख्खे भाऊ दोन संस्थांना दूध घालत असतील तर ही भानगड तुमच्याआधी त्यांच्या ध्यानात येते. सूत्र आणि छाटायची पद्धत संस्थावार लिहून घ्या. ती सेटिंगमध्ये राहू द्या, कोडमध्ये गाडू नका.

आता मुद्द्याचं. दरपत्रकाच्या प्रत्येक ओळीला दोन तारखा हव्यात: दर कधीपासून लागू, आणि आपल्याकडे त्याची नोंद कधी झाली. एक तारीख पुरत नाही. पुन्हा सांगतो, पुरत नाही. संघाचं परिपत्रक 14 तारखेला हातात पडतं आणि त्यात लिहिलेलं असतं, "दिनांक 11 च्या संध्याकाळपासून लागू." तोवर 11, 12, 13 च्या पावत्या जुन्या दराने छापून सभासदांच्या खिशात गेलेल्या असतात. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दर बदलायचा म्हणजे जुना आकडा पुसून त्यावर नवा लिहायचा. मग कुणी मागच्या बिलाची दुसरी प्रत मागितली की ती नव्या दराने निघायची. सभासदाच्या हातातल्या कागदावर एक रक्कम, आमच्या स्क्रीनवर दुसरी, आणि समोर लेखापरीक्षक बसलेला. तेव्हा जुना दर कधीच पुसायचा नाही. त्याची मुदत संपवायची, नवी ओळ घालायची आणि फरकाची रक्कम वेगळी दाखवायची. तारखेसोबत सकाळ की संध्याकाळ हेही हवं, कारण दर सत्रापासून बदलतो.

हे फक्त दरापुरतं समजू नका. सभासद वारला आणि खातं मुलाच्या नावावर झालं, तर कधीपासून? पशुखाद्याची कपात वाढली, कधीपासून? गावाचं दूध एका शीतकरण केंद्रावरून दुसऱ्याकडे वळवलं, कधीपासून, आणि आपल्याला कळलं कधी? प्रत्येक तक्त्यावर हा प्रश्न विचारा. प्रोग्रामर म्हणेल, "हे नंतर घालता येईल." नंतर घालता येत नाही. जुन्या नोंदींच्या तारखा नंतर आणणार कुठून?

लिटर आणि किलोचा घोळ आधीच मिटवा. संस्थेत बऱ्याचदा लिटरवर चालतं, टँकर काट्यावर किलोत भरतो. गाईचं एक लिटर दूध साधारण 1.03 किलो. 5000 किलोचा टँकर म्हणजे 4854 लिटर, आणि हे भागायचं राहिलं तर जवळजवळ दीडशे लिटर हवेतून येतात. मोजलं त्या एककातच साठवा, दुसरं एकक हिशेबाने दाखवा. संस्थेने लावलेली फॅट आणि संघाच्या डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घेतात तिथे, लागलेली फॅट या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकीवर दुसरी चढवलीत तर तूट कुठे पडली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सभासद क्रमांक प्रत्येक संस्थेचा आपापला असतो, तो मोडायला जाऊ नका, भांडणं होतात. संस्था क्रमांक आणि सभासद क्रमांक जोडून चालवा, हवा तर मागे एक समान क्रमांक ठेवा. नावावरून माणूस जुळवू नका. एका गावात एकाच नावाचे तिघे निघतात. क्रमांक हा आकडा न धरता अक्षरं म्हणून साठवा, नाहीतर एक्सेल 007 चं 7 करून टाकतं.

लवचीकपणा कशासाठी हवा, याचं उदाहरण 2024 चं. राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी 5, मग 7 रुपये अनुदान दिलं, थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात. त्यासाठी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक, आधार, खाते क्रमांक अशी माहिती लागली. अनेक संकलन सॉफ्टवेअरमध्ये गाय ही वस्तूच नव्हती, होता तो फक्त सभासद आणि त्याचं दूध. एका सभासदाच्या चार गाई असतात आणि त्यातली एक मधेच विकली जाते (कधीपासून? तारीख!). अशी नवी माहिती जोडायला जागा ठेवा. पण सगळंच सैल सोडू नका. कुणी, कुठल्या सत्राला, किती, कुठल्या प्रतीचं दूध घातलं, एवढं सगळ्यांचं एकाच साच्यात हवं. दर, कपाती, बिलाची छपाई ज्याची त्याने ठरवावी.

कुणाला काय दिसणार, हे संचालक मंडळाच्या ठरावात लिहून घ्या. संघाला दूध किती आणि कुठल्या प्रतीचं ते दिसावं, सभासदाने संस्थेकडून उचललेला ॲडव्हान्स दिसायचं कारण नाही. शेजारच्या संस्थेला तर काहीच नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, तो वकिलाकडून समजून घ्या. एखादी संस्था उद्या संघ सोडून खासगी डेअरीकडे गेली तर तिची माहिती तिला कुठल्या स्वरूपात मिळणार, हेही आजच ठरवा. तेव्हा कुणी कुणाशी बोलत नसतं.

बाकी भराभर. प्रशिक्षण सचिवांना देऊन भागत नाही, पहाटे मशीनवर बसणाऱ्या पोराला द्या. जुनं रजिस्टर निदान दोन बिलं सोबत चालवा, त्यात एक महिनाअखेरचं, कारण बिलं दहा-दहा दिवसांची, आणि महिन्याचं तिसरं बिल कधी आठ दिवसांचं, कधी अकरा. दिवाळीच्या तोंडावर सुरू करू नका.

आणि सही करण्याआधी विक्रेत्याला समोर बसवा. 14 ला आलेलं, 11 च्या संध्याकाळपासून लागू असलेलं दरपत्रक भरायला लावा आणि 12 तारखेची पावती आधीची आणि नंतरची, दोन्ही छापून मागा. जमलं नाही तर चहा पाजून वाटेला लावा.