उणे ३२ डेसिबल म्हणजे नक्की किती?

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये ग्राइंडरजवळ उभं राहिलं की शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. तो आवाज मोजायला मी लॅपटॉपला मेजरमेंट माईक जोडला, तर आकडा आला उणे ३२. दोन दिवस मी केबल आणि ड्रायव्हरच तपासत बसलो.

बिघाड नव्हताच. डेसिबल हे फक्त गुणोत्तर आहे; कशाच्या तुलनेत, ते कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. सॉफ्टवेअरचं शून्य म्हणजे त्याला पेलवणारा सर्वांत मोठा सिग्नल, म्हणून बाकी सगळं उणे. हवेतल्या आवाजाचं शून्य मात्र २० मायक्रोपास्कल, ऐकू येण्याच्या उंबरठ्यापाशी.

मग ओळखीच्या एका सरांकडून कॅलिब्रेटर, म्हणजे ठरावीक पातळीचा आवाज काढणारं छोटं यंत्र, आणला. तो १००० हर्ट्झला ९४ डेसिबल देतो, म्हणजे बरोबर १ पास्कल दाब. माईकवर बसवला, स्क्रीनवर उणे २६. म्हणजे प्रत्येक आकड्यात १२० मिळवायचे! ग्राइंडर निघाला ८८ डेसिबल, साधारण अर्धा पास्कल. यानंतर गेनच्या (माईकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या) बटणाला हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. मी त्यावर चिकटपट्टीच मारली आहे.

कंप्रेसरच्या माहितीपत्रकातला आकडाही असाच नीट वाचा. तिथे 'ध्वनिशक्ती' (एका जागचा दाब नव्हे, तर मशीन दर सेकंदाला बाहेर टाकते ती एकूण ध्वनिऊर्जा) लिहिली असेल तर संदर्भ १ पिकोवॉट असतो. उघड्यावर, कडक जमिनीवर, छोट्या मशीनपासून १ मीटर अंतरावर आवाज मोजणारा मीटर त्यापेक्षा साधारण ८ डेसिबल कमी दाखवतो. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज परावर्तित होतो, त्यामुळे फरक त्याहून कमी.