मुरमाच्या ग्राऊंडवरचा स्टॉपर

नागपुरात फुटबॉल शिकलेल्या बहुतेक पोट्ट्यांच्या मांडीवर एखादी जुनी खूण सापडते. मुरमावर घसरून टॅकल मारला की कातडी सोलून निघते आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसकडे सरकलेला असताना, ती जखम चड्डीला चिकटत राहते. तेराव्या वर्षी मी दोनदा असा सोललो आणि घसरणं सोडलं. मग फॉरवर्डला उभ्यानं अडवायला शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे सात वर्षं मी स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला डिफेंडर, म्हणून पगार घेऊन खेळलो, ते मुख्यतः या सवयीच्या जोरावर. डिफेंडर व्हायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो: टॅकल सगळ्यात शेवटी.

समोरून कामठीचा एखादा चपळ विंगर येतोय असं समजा. त्याच्यासमोर सरळ छाती करून उभं राहू नका, एक पाय पुढे, एक मागे, अंग तिरपं ठेवा. नजर चेंडूवर, त्याच्या खांद्यांकडे आणि डोळ्यांकडे पाहिलंत की फसलात. दोन हात अंतर राखून त्याच्यासोबत मागे सरका आणि त्याला साइडलाइनकडे किंवा त्याच्या कच्च्या पायाकडे वळवा. गोल ७.३२ मीटर रुंद असतो, पण कडेला गेलेल्या माणसाला तो अरुंद दिसतो. घाई त्याला असते, आपल्याला नसते. कधी ना कधी चेंडू त्याच्या पायापासून हातभर सुटतो, पाय घालायचा तो तेव्हाच. बॉक्समध्ये, म्हणजे आपल्या गोलसमोरच्या चौकटीत, तर हे दुप्पट लक्षात ठेवा: हुकलेला एक पाय म्हणजे पेनल्टी.

दुसरी गोष्ट तोंडाची. गोलकीपर सोडला तर स्टॉपरइतकं मैदान कुणालाच दिसत नाही, त्यामुळे दिसलेलं सांगणं हे त्याचं कामच आहे. आपल्याकडे हाका हिंदीतच जातात: ‘पीछे आदमी!’, ‘निकल, निकल!’ ऑफसाइडची लाइन, म्हणजे समोरचा फॉरवर्ड नियमाबाहेर पुढे सापडावा म्हणून बॅकनी मिळून धरलेली रेघ, या हाकेवरच उभी असते. समोरच्याची जागा पास मिळताना नाही, पास सुटताना मोजतात. चौघांतला एक बॅक पाऊलभर मागे राहिला तरी बाकी तिघांची मेहनत पाण्यात. पहिल्या ट्रायलमध्ये मी गप्प होतो आणि दिसावं म्हणून मागून ड्रिबल करत निघालो. चेंडू गेला, गोल झाला, घरी आलो. दुसऱ्या वेळी साधे पास दिले आणि वीस मिनिटं ओरडत राहिलो, निवड झाली. क्लबला व्हिडिओ पाठवायचा तर निवडक टॅकल जोडून पाठवू नका, पूर्ण सामना पाठवा. डिफेंडरचं काम चेंडू लांब असताना चालू असतं.

वयाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण इथे पोट्टे फार लवकर हताश होतात. फॉरवर्ड सतराव्या वर्षी चमकतो, बॅक हळूहळू पिकतो. केरळच्या मलप्पुरमचा अनस एडाथोडिका मुंबई, पुण्याच्या क्लबांत वर्षानुवर्षं खेळला आणि भारताकडून पहिला सामना २०१७ मध्ये खेळला, वयाच्या तिसाव्या वर्षी. तेव्हा वय लपवायची गरज नाही. मी पंधरा वर्षांचा असताना एका आयोजकानं दाखल्यावर दोन वर्षं कमी करून आणायला सांगितलं होतं. बाबांनी साफ नकार दिला, ती स्पर्धा हुकली, आणि आज मी त्यांचा ऋणी आहे. ज्युनियर स्पर्धांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. तिथे पकडला गेलेला मुलगा मनातून फार खचतो.

वाट साधारण अशी: शाळेकडून सुब्रोतो कप, मग जिल्हा संघटनेच्या लीगमधला एखादा क्लब, जमलं तर संतोष ट्रॉफीसाठी राज्याचा संघ. रेल्वेसारख्या खात्यांत खेळाडूंची भरती होते, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे; त्यासाठी प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. कॉलेज सोडू नका.

करार झाला की सही केलेली प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका. बाहेरगावच्या एका क्लबनं माझा तीन महिन्यांचा पगार थकवला, तेव्हा माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार मोडता येतो, असं फिफाच्या नियमांत २०१८ पासून आहे. मला ते फार उशिरा कळलं.

गुडघ्यानं साथ सोडल्यावर मी कोचिंगचं डी लायसन्स, म्हणजे सुरुवातीचं प्रमाणपत्र, केलं आणि आता संध्याकाळी मुलांना शिकवतो. शहरात जागोजागी टर्फ झालेत, तिथे घसरताना मुरमाइतकं लागत नाही, त्यामुळे पोट्टे मनसोक्त घसरतात. माझ्याकडे पहिल्या अर्ध्या तासात जो घसरेल, त्यानं बाहेर उभं राहायचं आणि तिथून ओरडून आपल्या चार बॅकची लाइन पुढे-मागे करायची.