अंगणातल्या आणि शेतावरच्या कुत्र्याची सोय

घरात वावरणारा कुत्रा जेवला नाही तर लगेच लक्षात येतं. बाहेरचा दोन दिवस पडून राहिला तरी ‘उन्हानं सुस्तावलाय’ म्हणून सोडून दिला जातो. म्हणून रोज एकदा त्याच्या अंगावरून हात फिरवा: कान, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, शेपटीखाली. पावसाळ्यात बारीकशा जखमेतही आळ्या पडतात, आणि त्या आधी वासानं कळतात.

त्याचं घर मोठं नको. उभं राहता, वळता, पाय ताणून झोपता आलं की पुरे. अवाढव्य खोपटात थंडीच्या रात्री अंगाची ऊब टिकत नाही. तळ विटांवर चार-सहा इंच उचला. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा दार पूर्वेला. थंडीत खाली कोरडा पेंढा घाला. गोणपाट ओल धरून ठेवतं. खरी चूक होते छपराची. उघडा पत्रा एप्रिल-मेच्या दुपारी आतल्या जनावराला भाजून काढतो. वर पाचटाचा किंवा कडब्याचा जाड थर द्या आणि छपराखाली वारा निघायला फट ठेवा. झाडाखाली बांधत असाल तर दुपारी दोनला जाऊन बघा. सावली सरकते, साखळी सरकत नाही.

वीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. पातळ भांडं लवंडतं, स्टीलचं तापतं. सिमेंटची जड कुंडी उत्तम. ऊन लागलं तर धाप थांबत नाही, हिरड्या लालभडक होतात, चाल लटपटते. लगेच सावलीत नेऊन पोटावर, जांघेत साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. ओलं पोतं पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

कायम बांधून ठेवणं वाईटच. कुत्रा चिडका होतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं फार वेळ बांधणं आणि बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हा गुन्हा आहे. बांधावंच लागलं तर दोन खांबांमध्ये तार ताणून साखळीची कडी तिच्यावर सरकती ठेवा. दोन्ही टोकांना खांबाच्या अलीकडे अडसर हवा, नाहीतर साखळी खांबाला गुंडाळली जाते. साखळी कुंपणाच्या भिंतीपर्यंत पोचू देऊ नका. पलीकडे उडी मारणारा कुत्रा तिथेच लटकून मरतो. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत.

गोचीड अंगावरच नसतो, भिंतीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालतो. कुत्र्याला औषध लावलं आणि भेगा तशाच राहिल्या तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. भेगा बुजवा, अंथरूण जाळा. शेतात फवारायचं औषध कुत्र्यावर कधीही नको. औषध आणि मात्रा डॉक्टरांनी वजन बघूनच ठरवावी. ताप, जेवण बंद, फिकट हिरड्या, नाकातून रक्त दिसलं की गोचीडताप समजून त्याच दिवशी रक्त तपासा. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात, पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी.

नुसत्या दूध-भाकरीवर भागत नाही, अंडी किंवा उकडलेलं मांस घाला. शिजवलेली हाडं, कांदा-लसणाचा रस्सा नको. नाशिक-सांगलीकडच्या बागांत आणि बेदाण्याच्या शेडवर खास सांभाळा: द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

जुन्नर, संगमनेर, अकोले अशा बिबट्याच्या भागात रात्री बाहेर बांधूच नका. खिळ्यांचा पट्टा मान वाचवतो, पण बांधलेल्याला पळता येत नाही. पडवीत घ्या, किंवा वरूनही बंद असलेल्या जाड जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा आणि दाराला बाहेरून खिटी लावा.