संशोधनात गोळा केलेली माहिती कशी जपावी

गोवंडी किंवा धारावीसारख्या वस्तीत आरोग्य-सर्वेक्षण करणाऱ्याने पहिली प्रश्नावली भरून घेण्यापूर्वीच कोणती माहिती खरोखर लागणार आहे, ती कोण पाहील आणि केव्हा नष्ट केली जाईल, हे लेखी ठरवून नैतिकता समितीची (संशोधनात सहभागी लोकांचे हित जपले जाते का, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी घ्यावी. संमतिपत्र उत्तरदात्याच्या भाषेत असावे, आणि माहिती पुढे इतर संशोधकांना द्यायची असल्यास तसे त्यात स्पष्ट विचारावे.

नाव आणि मोबाइल क्रमांक खोडले की ओळख पुसली गेली, हा समज सर्वांत घातक आहे. अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोक केवळ जन्मतारीख, लिंग आणि पोस्टल कोड यांवरून ओळखता येऊ शकतात, असे संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी 2000 मध्ये दाखवले होते. मुंबईत एका पिनकोडमध्ये पुष्कळ माणसे राहतात खरी, परंतु चाळीचे नाव, व्यवसाय आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की शेजारीही माणूस ओळखतो. म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट आणि चाळीऐवजी प्रभाग नोंदवावा, प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक द्यावा आणि नावांची यादी वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये ठेवावी. भरलेल्या प्रश्नावल्यांचे फोटो व्हॉट्सॲप गटावर पाठवणे, कितीही सोयीचे वाटले तरी, टाळावे.

विसंगत नोंद वगळायची असल्यास मूळ फाइल तशीच ठेवून कारण लिहावे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे. मात्र त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये, अशी अट आहे. त्यामुळे एखाद्या योजनेचे लाभार्थी निवडण्यासाठी कोणी नावांची यादी मागितली, तर हेतू चांगला असला तरी ती देऊ नये.