रिसर्च युनिव्हर्सिटीत सगळ्या विभागांना सोबत घेऊन उद्योजकता कशी शिकवायची

बहुतेक युनिव्हर्सिट्या उद्योजकतेची सुरुवात करतात ती स्टार्टअप इन्क्युबेटरच्या (नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्राच्या) इमारतीने नाहीतर बिझनेस प्लॅन स्पर्धेने. उद्घाटन होतं, फोटो निघतात, आणि नंतर बघावं तर भाग घेणारी मुलं सगळी एकदोन विभागांचीच, शेजारच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं घासून काहीतरी भारी बनवलेल्या पीएचडीच्या मुलीला याचा पत्ताच नाही. माझं मत स्पष्ट आहे, आधी एक कोर्स चालू करा. एकच करा, पण असा करा की त्यात वेगवेगळ्या विभागांच्या मुलांना एका टीममध्ये बसावंच लागेल.

आणि त्यासाठी सगळ्यात आधी क्रेडिटचं मिटवा. ऐकायला कारकुनी काम वाटतं पण असे कोर्स मरतात ते इथेच. इंजिनीअरिंगच्या मुलाला इलेक्टिव्ह म्हणून क्रेडिट मिळतात, मेडिकलच्या मुलीला काहीच मिळत नाही, समाजशास्त्राच्या मुलाला त्याचे एचओडी सांगतात की हे आपल्या सिलॅबसमध्ये बसत नाही, मग महिन्याभरात टीममध्ये एकच जण उरतो. प्रत्येक विभागात कोर्सला त्यांचा स्वतःचा कोड मिळायला हवा आणि तो डिग्रीत मोजला जायला हवा, हे लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. तसंच शिकवणाऱ्यांचं. दोन प्राध्यापक मिळून एक कोर्स शिकवतात तेव्हा ऑफिस दोघांना अर्धा अर्धा वर्कलोड लावतं, प्रत्यक्षात तयारी दोघांचीही पूर्ण होते उलट जास्तच होते, त्यामुळे निदान पहिली काही वर्षं दोघांना पूर्ण वर्कलोड धरायला डीनला तयार करा. नाहीतर दुसऱ्या वर्षी दुसरा प्राध्यापक येणार नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

टाईमटेबलचं फार सांगत बसत नाही, संध्याकाळचा एक सलग मोठा स्लॉट घ्या, बाकी कुठलीच वेळ सगळ्यांना जुळत नाही.

टीम चार जणांची ठेवा, पाचवा असला की कुणीतरी मागे बसतो. टीम मुलांना आपल्या आपण पाडू देऊ नका, मित्र मित्र एकत्र येतात आणि मित्र म्हणजे एकाच वर्गातले. पहिल्या दोन आठवड्यांत स्टार्टअप हा शब्दसुद्धा काढू नका, त्याऐवजी प्रत्येकाने बाकी तिघांना आपल्या कामाच्या जागी न्यायचं, कुणी लॅबमध्ये नेईल, कुणी वॉर्डात, कुणी फील्डवर. कोड लिहिणाऱ्या मुलाने नर्सच्या मागे अर्धा दिवस फिरून बघितलं की तिला स्क्रीनकडे बघायला किती कमी वेळ मिळतो, तर त्यानंतर तो जे डिझाईन करतो ते वेगळंच असतं.

आता मुख्य गोष्ट, प्रॉब्लेम कुठून आणायचा. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीचं आहे. तिथे २००७ मध्ये एका कोर्सच्या टीमला स्वस्त इन्क्युबेटर बनवायचं काम मिळालं होतं, म्हणजे इथे कमी वजनाच्या नवजात बाळांना उबेत ठेवणारी काचेची पेटी. टीममध्ये एमबीए, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर सायन्स अशी मुलं. नेपाळला जाऊन बघितलं तर शहरातल्या हॉस्पिटलमध्ये दान आलेले इन्क्युबेटर रिकामे पडून होते, कारण बाळं जन्मायची खेड्यात आणि तिथून हॉस्पिटलपर्यंत पोचायचीच नाहीत, खेड्यात विजेचाही भरवसा नाही. म्हणजे महाग यंत्र स्वस्त करून काही होणार नव्हतं. मग त्यातून आली एम्ब्रेस नावाची छोट्या स्लीपिंग बॅगसारखी पिशवी, तिच्यात मेणासारख्या पदार्थाचं पाकीट घालायचं, ते साधारण ३७ अंशांना वितळतं आणि हळूहळू घट्ट होताना काही तास तेवढीच ऊब देत राहतं. नुसत्या इंजिनीअरांची टीम वर्गातच बसली असती तर काचेचा डबाच अजून स्वस्त करत राहिली असती असं मला मनापासून वाटतं.

हे शिकवता येतं. स्टॅनफर्डच्याच बायोडिझाईन प्रोग्रॅममध्ये, जो २००१ मध्ये चालू झाला, मुलं आधी हॉस्पिटलमध्ये नुसती बघत फिरतात, शेकड्याने गरजा लिहून काढतात आणि मग गाळत गाळत एकावर येतात. गरज लिहायची पद्धत साधी आहे: अडचण काय, ती कुणाला आहे, आणि सुटली तर नेमका काय फरक मोजता येईल. या वाक्यात उपायाचं नावसुद्धा यायचं नाही. "ताप मोजणारं ॲप हवं" असं लिहिलं की परत पाठवा. "ऑपरेशननंतर घरी गेलेल्या पेशंटमधला जंतुसंसर्ग लवकर कळायला हवा, म्हणजे परत ॲडमिट व्हायची वेळ कमी येईल" असं आलं की पुढे जाऊ द्या. यावर मी तरी सेमिस्टरचा तिसरा हिस्सा घालवीन.

पण रिसर्च युनिव्हर्सिटीत उलटी केसही भरपूर असते, शोध तयार आहे आणि तो कुणाला हवाय हेच माहीत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये चालू केलेला आय-कॉर्प्स बघा. टीममध्ये एक प्राध्यापक, एक पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा) आणि एक बाहेरचा अनुभवी मेंटॉर, आणि सात आठवड्यांत संभाव्य ग्राहकांच्या १०० मुलाखती. मुलाखतीत आपला शोध विकायचा नाही, समोरचा आत्ता काय करतो, शेवटचं कधी केलं, त्यात वेळ कुठे जातो हे विचारायचं. "हे तुम्ही घ्याल का" असं विचारलं की माणसं भिडेखातर हो म्हणतात, आणि त्या होकारावर कंपनी उभी राहत नाही. तुमच्या सेमिस्टरला १०० झेपत नसतील तर कमी ठेवा, पण दर आठवड्याला वर्गापुढे मांडायला लावा.

आयपीचे, म्हणजे शोधाच्या मालकीचे आणि पेटंटचे, नियम पहिल्याच तासाला एका पानावर द्या. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी युनिव्हर्सिटीला ठेवता येते, बाकी देशांचे नियम वेगवेगळे आहेत, त्यामुळे स्वतःच्या टेक ट्रान्सफर ऑफिसकडून (युनिव्हर्सिटीतल्या शोधांची पेटंटं आणि परवाने बघणाऱ्या ऑफिसकडून) लेखी घ्या: लॅबचा फंड न वापरता वर्गात बनलं ते कुणाचं, लॅबमधून आलं ते कुणाचं. आणि एक गोष्ट मुलांना परत परत सांगा, पेटंट अर्जाच्या आधी पोस्टर लावलं, थिसिस ऑनलाईन टाकला किंवा डेमोत सगळं उघड केलं तर युरोपात पेटंट बहुतेक हातचं जातं, अमेरिकेत शोध लावणाऱ्याला एक वर्षाची सवलत आहे.

याहून नाजूक गोष्ट म्हणजे पीएचडीच्या गाईडची. गाईडचे कंपनीत शेअर आहेत आणि त्याच कंपनीतल्या विद्यार्थिनीचा थिसिसही त्यांच्याच सहीवर अडलेला आहे, अशा वेळी मुलगी नाही म्हणूच शकत नाही. गाईड कितीही चांगले असोत, थिसिस पूर्ण झाला की नाही हे ठरवायला कंपनीशी संबंध नसलेला दुसरा प्राध्यापक नेमा आणि मुलीला तक्रार घेऊन जायला गाईडच्या विभागाबाहेरचं कुणीतरी ठेवा. मेंटॉरनाही कोर्स चालू असेपर्यंत टीममध्ये पैसे गुंतवायला मनाई करा.

मार्क कसे द्यायचे? कंपनी निघाली का यावर अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात काय वाटत होतं, आता काय वाटतं, आणि मधे कुठल्या पुराव्याने मत बदललं, हे टीमने ठेवलेल्या वहीत दिसायला हवं. एखाद्या टीमने नीट पुरावा दाखवून सांगितलं की या कल्पनेत दम नाही आणि आम्ही थांबतोय, तर पूर्ण मार्क द्या, नाहीतर पुढच्या बॅचला कळतं की शेवटच्या दिवशी काहीही करून छान दाखवायचं.

प्रोटोटाईपसाठी, म्हणजे पहिला कच्चा नमुना बनवायला, थोडे पैसे हवेत, ते त्याच आठवड्यात मिळायला हवेत, तीन सह्यांची फाईल फिरेपर्यंत सेमिस्टर संपतं. वर्कशॉपची चावी मुलांना मिळेल असंही बघा, अर्थात सेफ्टी ट्रेनिंगनंतर.

आणि या सगळ्यासाठी एक पूर्णवेळ माणूस नेमा, प्राध्यापकाच्या गळ्यात हे घालू नका. हॉस्पिटलमध्ये निरीक्षणाला परवानगी, एथिक्स कमिटीची मंजुरी, बाहेरच्या लोकांच्या भेटी, या कामांना महिने लागतात, म्हणून कोर्स ज्या सेमिस्टरला ठेवायचाय त्याच्या आधीच्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात ते अर्ज गेलेले असले पाहिजेत.