माळाला नांगर लावण्याआधी पहार लावा

रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमाराला लागतं आणि मृग 7-8 जूनला. मधल्या पंधरवड्यात बी-खताच्या दुकानांत गर्दी असते. ज्यांचा माळ, गायरान किंवा पडीक रान डोंगराच्या पायथ्याला आहे, त्यांनी मात्र दुकानाआधी पहार, टिकाव आणि घमेलं घेऊन रानात जावं. गवत कोणतं लावायचं ते नंतर ठरवता येईल. खाली माती किती आहे, ते आधी बघायला हवं.

हा सल्ला सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यासाठी आहे. म्हणजे पारनेर, माण, खटाव, आटपाडी, आष्टी, पाटोदा या भागांतले माळ. इथला डोंगर लाव्हाच्या थरांचा. एक थर घट्ट काळ्या पाषाणाचा, त्यावरचा सच्छिद्र, तांबूस, झिजून मुरूम होणारा. त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि पायथ्याची मातीही दर पन्नास पावलांवर बदलते. एका गटातला सगळा माळ एकच समजून बी फेकलं, की अर्धं बी वाया गेलंच म्हणा.

उताराला उभी रेघ धरा आणि वर, मध्ये, खाली असे तीन खड्डे घ्या. हातभर रुंद पुरेत. खोली मोजताना एक गोष्ट नीट बघा. पहार कुठे थांबते, आणि थांबताना आवाज कसा येतो? खणखणीत आला आणि पहार उसळली तर खाली अखंड कातळ. भसकन दोन बोटं आत गेली आणि पिवळट-तांबूस भुगा निघाला तर मुरूम. कातळावर 25 सेंटिमीटर माती आणि मुरमावर 25 सेंटिमीटर माती या दोन वेगळ्या जमिनी आहेत. मुरमाच्या फटींतून मुळं खाली उतरतात, पाणीही थोडं मुरतं. कातळावर दोन्ही अडतं.

मृदाशास्त्र नेमकी याच ठिकाणी रेघ ओढतं. मातीत वेगळे थर तयारच झालेले नाहीत आणि 50 सेंटिमीटरच्या आत कठीण खडक लागतो, अशी वरच्या उताराची माती एन्टिसोल या गणात जाते. तिचं पूर्ण नाव लिथिक उस्टॉर्थेन्ट. त्यातला ‘लिथिक’ म्हणजे जवळच असलेला खडक. मधल्या पायरीवर तपकिरी, थोडी घडी बसलेली, ढेकूळ फोडलं तर कोनाकोनांचे तुकडे होणारी माती मिळते. ती इन्सेप्टिसोल. अगदी खाली, ओढ्याच्या अंगाला, वरून वाहत आलेला बारीक गाळ आणि चुना साठून काळी माती होते. तिच्यात चिकणमाती 30 टक्क्यांच्या वर असेल, उन्हाळ्यात खोल भेगा पडत असतील आणि खड्ड्याच्या बाजूला चकचकीत घासलेले पृष्ठभाग दिसत असतील, तर ती व्हर्टिसोल. नावं परकी वाटली तरी बरड, मध्यम, काळी हीच ती उतरंड. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे नकाशे याच नावांनी छापलेले असतात, म्हणून ती माहीत असावीत.

खोलीवरून जमिनीची प्रत ठरवणं आपल्याकडे नवीन नाही. 1836 च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी महसुलाची मोजणी केली. त्या पद्धतीत मातीची खोली हातात मोजत, चुनखडीचे खडे, उतार, पाण्याने धुपणं हे दोष नोंदत, आणि त्यावरून जमिनीला आणे लावत, म्हणजे तिची प्रत आण्यांत ठरवत. सातबाऱ्यावर ज्याला पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक जमीन, म्हणतात, त्यातला बराचसा भाग म्हणजे हाच वरचा पट्टा. कागदावर तो खराबा असला तरी शेळ्या-मेंढ्यांचं पोट त्याच्यावरच चालतं.

आता खोलीचा हिशोब पाण्यात करू. भरड मातीचा एक सेंटिमीटर थर गवताला मिळेल असं साधारण एक मिलिमीटर पाणी धरतो. म्हणजे 25 सेंटिमीटर मातीत 25 मिलिमीटर. त्यात निम्मे गोटे असतील तर बारा-तेरा. ऐन वाढीतलं गवत दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज ओढतं. पाऊस थांबला की तिसऱ्या दिवशी ते मान टाकतं, त्याचं कारण हे. खालच्या 60 सेंटिमीटर काळ्या मातीत हाच साठा 90-100 मिलिमीटरपर्यंत जातो आणि तिथलं गवत तीन आठवड्यांची ओढ सोसतं.

म्हणून वरचा पट्टा नांगरू नका. ट्रॅक्टर स्वस्तात मिळतोय म्हणून तर अजिबात नको. पहिल्या वळवालाच तिथली सुटी माती ओढ्यात जाईल, आणि गेलेली माती तुमच्या-माझ्या हयातीत परत तयार होत नाही. तिथे उताराला आडवे समतल चर काढा आणि दोन चरांच्या मधली जमीन कुदळीने नुसती उकरा. बी अंजन किंवा पवन्या गवताचं. झाड लावायचंच असेल तर अंजन वृक्ष. नाव एकच असलं तरी गवताचा आणि झाडाचा काही संबंध नाही. झाडाची मुळं मुरमाच्या फटी शोधत खोल जातात, म्हणून ते अशा जागी तग धरतं.

मधल्या पायरीवर मारवेल गवत. बियापेक्षा ठोंब, म्हणजे मुळांसकट काढलेले फुटवे, लावलेले बरे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले मारवेल 06-40 हा वाण चांगला आहे. दोन ओळींच्या मध्ये स्टायलो पेरा, म्हणजे चाऱ्यात द्विदल येईल आणि जमिनीला नत्र मिळेल. स्टायलोचं टरफल कठीण असतं. 80 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात चार मिनिटं बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. गवताचं बी उलट ताजं नको. या वर्षी झाडलेलं बी बऱ्याचदा झोपलेलं असतं, गेल्या वर्षीचं चांगलं उगवतं. ते हलकं आणि केसाळ असल्याने ओलसर वाळूत किंवा चाळलेल्या शेणखतात कालवून फेका आणि काटेरी फांदी ओढून झाका. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येणार नाही.

खालच्या काळ्या पट्ट्याबद्दल फार सांगायला नको. तिथे ज्वारी-मक्याचा चारा होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. फक्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब मातीवर टाकून बघा, हातमोजे घालून. जोरात फसफसली तर चुनखडी जास्त आहे. तिथे पानं पिवळी पडली, तर नत्राची गोणी फोडण्याआधी लोह कमी पडल्याची शंका घ्या.

मातीचा नमुना तिन्ही पट्ट्यांचा वेगळा घ्या. झाडाखालची, मेंढ्या बसवल्या होत्या तिथली आणि बांधालगतची जागा सोडून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करा, त्यातली अर्धा किलो पाठवा. अहवाल आल्यावर मात्र एक फसगत टाळा. प्रयोगशाळेत माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून जाते. गोटे बाहेर राहतात आणि आकडे उरलेल्या बारीक मातीचे येतात. हेक्टरी किलोचा हिशोब मात्र पूर्ण खोलीची, बिनगोट्याची माती धरून केलेला असतो. तुमच्या रानात निम्मे गोटे असतील, तर कागदावरचं 400 किलो पालाश (पोटॅश) प्रत्यक्षात 200 च आहे. म्हणून नमुना घेताना घमेलंभर माती चाळून गोटे किती निघाले, ते पिशवीवरच लिहून ठेवा. या मातीत पालाश सहसा पुरेसं असतं, कमी पडतं ते स्फुरद (फॉस्फरस). स्टायलो पेरताना सिंगल सुपर फॉस्फेट द्यायचं ते यासाठी.

पेरलेल्या पट्ट्यात पहिल्या वर्षी जनावर सोडू नका. बी गळून पडल्यावर कापून न्या. जुन्या माळावर कुसळी गवताचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तर चराई जास्त झाली किंवा माळ वारंवार पेटला असं समजा. ती कुसळं टणक होण्याआधी, हस्त नक्षत्राच्या आत, कापून घ्या. नंतर ती मेंढ्यांच्या कातडीत आणि तोंडात रुततात. खड्डे मात्र यंदा बुजवू नका. पहिला मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन ओल किती खोल गेली ते मोजा, आणि मगच ठोंब लावायला घ्या.